टेनर नसलेल्या कॉयरवाल्यांनो, सीपीडीएल वापरून बघा

वसईकडच्या बहुतेक चर्चमध्ये हीच गत, सोप्रानोला (बायकांचा वरचा आवाज) बायका-मुलींची गर्दी, बासला (पुरुषांचा खालचा) दोन-तीन काका आणि टेनर (पुरुषांचा वरचा) एकच, त्याची पण रविवारी ड्युटी लागली की संपलंच. त्यात सगळे हौशी, पगार कुणालाच नाही, मग बाहेरून शीट म्युझिक मागवायचं आणि ते पण प्रत्येकाला वेगळी कॉपी, कुठून परवडणार. म्हणून सांगतेय, कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी म्हणजे सीपीडीएल ही कॉयरच्या शीट म्युझिकची वेबसाइट बघा. १९९८ पासून चालू आहे, सगळं फुकट, पीडीएफ घ्या आणि प्रिंट मारा.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आवाजांप्रमाणे शोधता येतं. सोप्रानो-आल्टो (बायकांचा खालचा आवाज)-बास असं तीन आवाजांचं टाकलं तरी भरपूर निघतं, चार आवाजांचा हट्ट कशाला! आणि चारच हवे असतील तर मोझार्टचं आवे वेरुम कॉर्पुस हे लॅटिन गाणं घ्या. जेमतेम ४६ मात्राखंड (बार) आहेत, १७९१ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातल्या कॉयरमास्तरासाठी त्याने लिहिलं, ख्रिस्तशरीराच्या सणाला, त्यामुळे छोट्या कॉयरला झेपतं. बराचसा भाग सगळे एकत्रच गातात, फक्त शेवटी ‘एस्तो नोबिस’ या शब्दांना बायका आधी सुरू करतात आणि पुरुष मागून येतात, तिथे गाडी हमखास घसरते, प्रॅक्टिस तिथूनच सुरू करा.

नोटेशन वाचता न येणाऱ्यांसाठी बऱ्याच गाण्यांची मिडी फाइल (कॉम्प्युटरवर सूर वाजवणारी) असते. ती म्युझस्कोर नावाच्या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची (ते पण फुकट), मिक्सरमध्ये आल्टो सोडून बाकीचे आवाज खाली करायचे, ऑडिओ काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. मावश्या भाजी चिरता चिरता पाठ करतात, खरंच!

आता कुरकुर. अपलोड करणारे पण आपल्यासारखेच हौशी, त्यामुळे एकाच गाण्याच्या पाच-सहा एडिशन दिसतात आणि सगळ्या सारख्या नसतात, कुणी पट्टी बदललेली, कुणी स्वतःच्याच खुणा घातलेल्या, म्हणून झेरॉक्स मारायच्या आधी कीबोर्डवर एकदा वाजवून बघाच. लायसन्स पण प्रत्येक एडिशनसोबत लिहिलेलं असतं, ते वाचा. मराठी मिस्साची गाणी इथे शोधू नका, मुख्यतः लॅटिन, इंग्रजी, जर्मन असाच माल आहे, पण बऱ्याच लॅटिन गाण्यांचे शब्द आणि इंग्रजी अर्थ वेगळे दिलेत, फादरनी अर्थ विचारला तर दाखवायला बरं पडतं.

पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो शोधायच्या किचकट पानासाठी, पहिल्यांदा उघडलं की डोकं फिरतं.