एरिक मायरचा रीसेट काढून छोटा रीसेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

रीसेट म्हणजे ब्राउझरच्या मूळ शैली पुसणारी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी) फाइल. मराठी साइटवर एरिक मायरचा २०११ चा रीसेट असेल, तर आधी त्यातली लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ही ओळ शोधा. इंग्रजीत ती एकवेळ खपते. देवनागरीत खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते, आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) असलेल्या कार्डात मथळ्याची मात्राच छाटली जाते. बॉडीला १.६ ते १.७ द्या, पण एकक न लावता. १.६ईएम (ईएम हे अक्षराच्या आकारावर ठरणारं एकक) लिहिलंत तर १६ पिक्सेलवरून निघालेले २५.६ पिक्सेल जसेच्या तसे ३२ पिक्सेलच्या मथळ्यालाही लागतात आणि ओळी एकमेकींवर चढतात.

त्याच रीसेटमधल्या फॉन्ट इनहेरिटमुळे (अक्षराची शैली बाहेरच्या घटकाकडून घेणारा नियम) स्ट्राँग टॅगचा ठळकपणाही जातो. संपादक सीएमएसमध्ये (साइटवर मजकूर भरायच्या प्रणालीत) शब्द ठळक करतो, वाचकाला तो साधाच दिसतो.

नॉर्मलाइझ (ब्राउझरांमधले फरक मिटवणारी तयार सीएसएस फाइल) त्या मानाने सौम्य. पण त्याची ८.०.१ ही आवृत्ती २०१८ ची, आणि परिच्छेदांचे मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), याद्यांचं ४० पिक्सेलचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) तसंच राहतं. ते शेवटी आपणच काढायचं, तर वेगळी फाइल कशाला?

छोट्या रीसेटमध्ये पुरतं ते एवढंच: सगळ्या घटकांना, बिफोर-आफ्टरसकट (सीएसएसने जोडलेले जादा घटक), बॉर्डर-बॉक्स (दिलेल्या रुंदीतच पॅडिंग आणि बॉर्डर धरणं), बॉडीचं ८ पिक्सेलचं मार्जिन शून्य, चित्रांना डिस्प्ले ब्लॉक (नाहीतर खाली बारीक फट राहते), मॅक्स-विड्थ १००% आणि हाइट ऑटो. इनपुट, बटण, सिलेक्ट, टेक्स्टएरिया यांना मात्र फॉन्ट इनहेरिट हवंच. क्रोममध्ये ती मुळात १३.३३ पिक्सेलवर असतात, आणि १६ पेक्षा लहान अक्षराच्या रकान्यात बोट ठेवलं की आयफोनवर अख्खं पान झूम होतं.

याद्यांचे ठिपके सरसकट काढू नका. लिस्ट-स्टाइल नन दिल्यावर सफारीतला व्हॉइसओव्हर (पान वाचून दाखवणारं ॲपलचं साधन) ती यादी आहे हे सांगेनासा होतो. लागेल तिथेच काढा आणि एचटीएमएलमध्ये त्या यादीला रोल लिस्ट लावा.

चालू प्रोजेक्टमध्ये बॉर्डर-बॉक्स मध्येच घुसवणं महागात पडतं. विड्थ ३०० आणि दोन्ही बाजूंना २० पॅडिंग असलेला, आजवर ३४० दिसणारा डबा एकदम ३०० चा होतो.

रीसेट लेयरमध्ये (सीएसएसमधल्या नियमांच्या वेगळ्या थरात) ठेवला की बाहेरचा कुठलाही साधा नियम त्याच्यावर मात करतो, सिलेक्टर लांबवावे लागत नाहीत. आत इम्पॉर्टंट (नियमाला जबरदस्तीने वरचढ करणारा शब्द) लिहू नका, तिथे क्रम उलटा होतो. सफारीच्या १५.४ आधीच्या आवृत्त्या लेयरचा अख्खा भाग सोडून देतात. तसे वाचक असतील तर लेयर न वापरता रीसेटची फाइल सगळ्यांत आधी जोडा.