मिनियन्स की टॉय स्टोरी: एकाच तिकिटाचं बजेट असेल तर पोरांना कुठे न्यायचं?

जून-जुलै २०२६ साठी दोन मोठ्या ॲनिमेशन मालिकांच्या तारखा अगदी लागून जाहीर झाल्या आहेत. जिवंत खेळण्यांच्या 'टॉय स्टोरी'चा पाचवा भाग १९ जूनला आणि मिनियन्स नावाच्या पिवळ्या बुटक्यांचा पुढचा सिनेमा १ जुलैला. मधे जेमतेम बारा दिवस. नाशिकच्या घरांत हे दिवस आधीच खर्चाचे असतात. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. गणवेश, वह्या, दप्तर, रेनकोट, रिक्षावाल्या काकांचे पैसे हे सगळं एकाच महिन्यात येतं. त्यात चौघांनी सिटी सेंटर मॉलला जायचं म्हटलं की तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून चांगलाच आकडा होतो. म्हणजे बहुतेक घरांत दोन्हींपैकी एकच सिनेमा होणार.

माझं मत आधीच सांगते. मूल सहा वर्षांच्या पुढचं असेल तर थिएटरचे पैसे 'टॉय स्टोरी'वर घाला. चार-पाच वर्षांचं असेल तर मिनियन्स चालतील, पण नव्या भागाऐवजी घरीच, मिनियन्स जिथे पहिल्यांदा आले तो २०१० सालचा पहिला 'डेस्पिकेबल मी' लावा. असं का, ते समजायचं तर या दोन मालिकांचा वीट कसा येतो हे पाहावं लागेल, कारण दोघींचा वीट वेगळ्या वाटेने येतो.

पिवळी फौज

'डेस्पिकेबल मी' ही इल्युमिनेशन स्टुडिओची पहिलीच फिल्म. त्यात मिनियन्स नायक नव्हते. नायक होता ग्रू, चंद्र चोरायला निघालेला, आणि त्याच्या दारात आलेल्या तीन अनाथ मुली: मार्गो, एडिथ आणि अ‍ॅग्नेस. कुठल्याही माणसाशी न पटणारा हा गृहस्थ हळूहळू बाप होतो, ही त्या सिनेमाची खरी गोष्ट. मिनियन्स मधेमधे येऊन धडपडायचे, हसवायचे आणि जायचे. ते थोडे होते म्हणून गोड होते. आजही मी तो सिनेमा कुणालाही निर्धास्त सुचवेन.

पुढे काय झालं ते आकड्यांतच दिसतं. पहिल्या भागाने जगभरात सुमारे ५४ कोटी डॉलर कमावले, २०१३ च्या दुसऱ्याने ९७ कोटी. मग २०१५ मध्ये ग्रूला बाजूला ठेवून एकट्या मिनियन्सचा सिनेमा आला आणि त्याने जवळपास ११६ कोटी केले. २०१७ च्या तिसऱ्या भागाचे १०३ कोटी, २०२२ च्या मिनियन्सच्याच 'राइज ऑफ ग्रू'चे ९४ आणि २०२४ च्या चौथ्याचे पुन्हा ९७. थोडी घसरण झाली, पण ही कोसळलेली मालिका नाही. स्टुडिओच्या वहीत वीट दिसतच नाही, कारण इल्युमिनेशन सिनेमे स्वस्तात काढतं. पहिला भाग ७ कोटी डॉलरच्या आत झाला होता. शिवाय दर चार-पाच वर्षांनी नवी पोरं या वयात येतात आणि त्यांच्यासाठी मिनियन पहिल्यांदाच जन्माला येतो.

वीट दिसतो तो घरात आणि बाजारात. २०१५ मध्ये रंगांचं प्रमाणीकरण करणाऱ्या पँटोनने 'मिनियन यलो' नावाचा रंगच काढला. त्यानंतर ही पिवळी फौज कुठे पोचली नाही ते सांगा. मेन रोडवर आणि शालिमारला दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, डब्यांवर तीच. वाढदिवसाच्या केकवर गोल चष्मा तोच. गंगापूर रोडच्या हॉलमध्ये बारशाला किंवा वाढदिवसाला मिनियनचा पोशाख घालून नाचणारा एक जण असतोच. रंगपंचमीच्या आधी दुकानांत पाठीवर अडकवायच्या पिचकाऱ्यांच्या टाक्या टांगलेल्या दिसतात, त्यांतही तो आहे. आपल्याकडे रंगाचा दिवस रहाडींचा; पेशवेकाळापासून चालत आलेल्या त्या हौदांवर पोराला घेऊन जावं आणि त्याच्या पाठीवरून तोच एक डोळा आपल्याकडे बघत असावा, इतकी ती ओळख झाली आहे. पडद्यावर नव्वद मिनिटं भेटणारं पात्र बाकीचं वर्षभर डोळ्यांसमोर राहिलं, तर पुढच्या भागात ते आल्याचा आनंद उरेल कुठून?

दुसरं कारण गोष्टीतलं आहे. बाजूच्या पात्राला मुख्य खुर्चीवर बसवलं की त्याच्याकडून गोष्ट ओढायची अपेक्षा केली जाते, आणि मिनियन्स गोष्ट ओढू शकत नाहीत. २०१५ च्या सिनेमाची सुरुवात आठवा. डायनासोर, आदिमानव, इजिप्तचा फॅरो, ड्रॅक्युला, नेपोलियन असे एकेक मालक शोधत आणि गमावत मिनियन्स काळ पार करतात. हा तुकडा सुरेख आहे, कारण तो तुकडाच आहे. मग १९६८ चं लंडन येतं, राजमुकुटाची चोरी येते, आणि केविन, स्टुअर्ट, बॉब या तिघा मिनियन्सच्या खांद्यांवर उरलेला वेळ पेलत नाही. लहान मुलं तेव्हाही हसतात. पण आठ-नऊ वर्षांचं मूल खुर्चीत चुळबुळ करायला लागतं, ते इथेच. चौथ्या भागात ग्रूचं तान्हं बाळ आहे, नवीन नावाने नवीन गावात राहणं आहे आणि अचाट शक्ती मिळालेले मिनियन्स आहेत. यातल्या कुठल्याच धाग्याला पुरेशी जागा मिळाली नाही.

तरी एक गोष्ट मिनियन्सच्या पदरात घालायलाच हवी, आणि मराठी घरांसाठी ती मोठी आहे. त्यांना भाषा लागत नाही. पिएर कोफाँ हा दिग्दर्शक स्वतःच त्यांचा आवाज काढतो. त्या बडबडीत स्पॅनिश आहे, इटालियन आहे, इंडोनेशियनही आहे. कुणालाच सगळं कळत नाही आणि सगळ्यांनाच सगळं कळतं. बालवाडीतलं, घरी फक्त मराठी बोलणारं मूल आजोबांच्या शेजारी बसून दोघंही एकाच वेळी हसतील, अशी सोय 'टॉय स्टोरी'त नाही. तिथे संवाद कळावे लागतात. निदान हिंदी आवृत्ती तरी लागते.

अँडीची खेळणी

'टॉय स्टोरी' १९९५ ची. संपूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. दुसरा भाग १९९९ मध्ये, तिसरा २०१० मध्ये, चौथा २०१९ मध्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधलं अंतर अकरा वर्षांचं. या अंतरातच मालिकेचा जीव आहे. पहिला भाग पाहणारी मुलं तिसऱ्याला कॉलेजात होती, आणि पडद्यावर या खेळण्यांचा मालक अँडीही कॉलेजला निघाला होता. आपली खेळणी छोट्या बॉनीच्या हातात देताना तो क्षणभर थांबतो. नाशिकहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलाची खोली आवरलेल्या कुठल्याही आईला हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

प्रत्येक भागाला स्वतःचा प्रश्न आहे. नवं खेळणं आलं की जुन्याचं काय? संग्रहालयात काचेआड कायम जपलं जाणं बरं, की खेळून खेळून तुटणं बरं? मूल मोठं झालं की आपण कोणाचे? चौथ्यात फॉर्की येतो. टाकाऊ काटा-चमच्यापासून बॉनीने त्याला बनवलंय आणि तो स्वतःला कचराच समजून पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या डब्यात उडी मारतो. तिसऱ्या भागाने गोष्ट संपवली होती, चौथा नसता तरी चाललं असतं, असं म्हणणारे खूप आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण फॉर्कीने त्या भागाला स्वतःचं कारण दिलं, हेही खरं.

इथे आपल्या गावातली एक आठवण जोडावीशी वाटते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकमध्ये आपली चित्रपट कंपनी चालवलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून एक छोटी फिल्म केली होती. 'आगकाड्यांची मौज' हे तिचं नाव. निर्जीव वस्तू आपल्या मनाने हलते याचं नवल तेव्हाही हेच होतं. 'टॉय स्टोरी' ते नवल दर वेळी नव्या प्रश्नाला बांधते, म्हणून ते शिळं होत नाही.

मालिका निष्कलंक आहे असं मात्र समजू नका. दुसरा भाग मुळात थेट व्हिडिओ कॅसेटवर काढायचा होता. तो थिएटरच्या तोडीचा व्हावा म्हणून शेवटी सुमारे नऊ महिन्यांत बराचसा नव्याने उभा केला गेला. मधल्या वर्षांत टीव्हीसाठी छोटे विशेष भाग आले, आणि खेळणी तर विकली जातातच. २०२२ मध्ये 'लाइटइयर' आला. अँडीने लहानपणी पाहिलेला सिनेमा म्हणे हा. खेळण्यांतला अंतराळवीर बझ होता, पण ती खोली नव्हती, तो मुलगा नव्हता, काउबॉय बाहुला वुडी नव्हता. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून २२ कोटी ६० लाखांची कमाई झाली. जाहिरातीचा खर्च आणि थिएटरवाल्यांचा वाटा धरला तर हा तोटा. तिसऱ्या आणि चौथ्या भागाने १०७-१०७ कोटींच्या घरात कमावले होते. त्याच पात्राचं नाव घेऊन, पण त्याची गोष्ट मागे ठेवून सिनेमा काढला की प्रेक्षक लगेच ओळखतो.

वीट आल्यावर काय होतं, काय टिकतं

या दोघींपलीकडे थोडं पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. 'आइस एज'ने २००२ ते २०१६ मध्ये पाच भाग काढले. चौथ्याने अमेरिकेत १६ कोटी डॉलर केले होते, पाचव्याने तिथेच जेमतेम साडेसहा. तोच मॅमथ, तोच आळशी सिड, दर वेळी पृथ्वीवर नवं संकट. 'फ्रोझन'चं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात 'टॉय स्टोरी'वाल्या पिक्सारच्या 'कोको'आधी 'फ्रोझन'मधल्या ओलाफ या बर्फाच्या बाहुल्याची २१ मिनिटांची फिल्म जोडली गेली. लोक 'कोको' पाहायला आले होते. ते वैतागले, आणि काही आठवड्यांत ती काढली गेली. दोनच वर्षांनी आलेल्या 'फ्रोझन २'ने मात्र १४० कोटींच्या वर कमाई केली. म्हणजे लोकांना नायिका एल्सा नको झाली नव्हती. न मागता समोर आलेला ओलाफ नको झाला होता.

'श्रेक'चा आलेख दुसऱ्या भागानंतर उतरत गेला. पण त्यातला बोका, 'पुस इन बूट्स', अकरा वर्षं थिएटरपासून लांब राहून २०२२ मध्ये रंगवलेल्या चित्रासारख्या नव्या शैलीत परत आला आणि लोकांनी त्याला उचलून धरलं. विश्रांतीचा इतका उघड फायदा मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आपल्याकडचा छोटा भीम या रांगेत बसत नाही. २००८ पासून तो टीव्हीवर रोज दिसतोय. त्याचे सिनेमे थिएटरला येऊन गेले, २०२४ मध्ये माणसांना घेऊन केलेलाही आला. पण जे पात्र संध्याकाळी जेवताना फुकट भेटतं, त्याच्यासाठी तिकीट काढायला आईबाप का तयार होतील? उलट २०२५ च्या 'महावतार नरसिंह' या ॲनिमेशनपटाला आजी-आजोबांसह अख्खी घरं गेली. तो काढणाऱ्यांनी पुढचे भाग दर दोन वर्षांनी, २०३७ पर्यंत जाहीर केले आहेत. अवतार बदलतात, म्हणजे गोष्टही बदलेल. हे त्यांच्या बाजूने आहे. पण प्रत्येक भागाचा शेवट त्याच पद्धतीच्या लढाईत झाला, तर दोन वर्षांचं अंतरही पुरणार नाही.

मग तुमच्या घरी काय?

चार ते पाच वर्षांचं मूल, अंधाऱ्या थिएटरची पहिलीच वेळ, इंग्रजी-हिंदी फारसं नाही: मिनियन्स. नवा भागच पाहायचा हट्ट असेल तर न्या, मूल हसून परत येईल. पण आधी घरी पहिला भाग दाखवा, म्हणजे ग्रू कोण हे त्याला कळेल. त्या मुली त्याला आवडतील, आणि पिवळ्या गड्यांपलीकडे काहीतरी हाती लागेल. दुसरा भागही चांगला आहे. तिथे थांबलात तरी काही चुकत नाही.

सहा ते दहा वर्षांचं मूल: 'टॉय स्टोरी', आणि क्रमानेच. पहिल्या भागातली शेजारच्या दांडग्या मुलाने, सिडने, तोडून जोडलेली खेळणी काहींना घाबरवतात; तिसऱ्यातल्या भट्टीच्या प्रसंगाला मूल तुमचा हात धरेल, तेव्हा शेजारी बसा. चारही भाग एका शनिवार-रविवारी लावू नका. एक उन्हाळ्याच्या सुट्टीत, एक दिवाळीत, असे अंतराने दाखवा. जी विश्रांती स्टुडिओने त्या मालिकेला दिली, ती घरातही द्यावी. जूनपर्यंत तेवढा वेळ नसेल तर पहिला आणि तिसरा पाहून पाचव्याला गेलात तरी चालेल. त्यात खेळण्यांची गाठ टॅबलेटशी पडणार आहे, आणि जेवताना मोबाइल मागणाऱ्या मुलाच्या आईबापांना हा विषय परका नाही.

दोन वयांची दोन मुलं असतील तर मी मोठ्याच्या बाजूने निर्णय घेईन. लहानाला 'टॉय स्टोरी'तला बझ आणि डायनासोर पुरतात. मोठ्याला मिनियन्सची नव्वद मिनिटांची धडपड पुरत नाही.

मूल एकच सिनेमा वीस वेळा मागत असेल तर त्याला वीट समजू नका. लहान मुलांना पुढे काय होणार हे माहीत असण्यात सुख मिळतं. वीट आपल्याला येतो, आणि तो बहुतेक वेळा वस्तूंमुळे येतो. म्हणून दप्तर, डबा, बाटली सिनेमाच्या आधी तरी त्या पात्राची घेऊ नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेन रोडवर साधं निळं दप्तरही मिळतं, आणि बरेचदा शिवण त्याचीच पक्की असते.