सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार: नऊ महिने वाजवल्यानंतर

ठाण्यात मे महिन्यात घेतलेली, तेव्हा सहा वर्षं जुनी असलेली गिटार. जानेवारीअखेरपर्यंत रोज तासभर वाजवून, म्हणजे उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि थंडी पाहून हे लिहिलं आहे. स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचा प्रसिद्ध नमुना) घाटाची, इंडोनेशियात बनलेली. आल्डरची बॉडी, मेपलची नेक (दांडी), रोझवुडचा फ्रेटबोर्ड, त्यावर २२ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), २५.५ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी). तारांचा आवाज पकडणारे पिकअप तीन: नेकजवळ आणि मध्ये सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे), ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, हमबकर (घरघर मारणारा, दोन गुंडाळ्यांचा). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली जे दोष येतील ते वापराचे आणि खाडीकाठच्या हवेचे आहेत. कुठल्याही नावाच्या गिटारीत ते तसेच सापडतील.

आधी हिशोब. गिटार नव्याच्या ५५ टक्के किमतीला मिळाली. तारा, फ्रेट लेव्हलिंग, एक पॉट (आवाजाच्या नॉबखालचा भाग) आणि जॅक (केबल खुपसायची जागा) यांवर आणखी १२ टक्के गेले. म्हणजे नव्याच्या दोन तृतीयांश किमतीत, नीट सेटअप झालेलं वाद्य. सौदा वाईट नाही. पण विकणाऱ्याने सांगितलेला आकडा ही गिटारची किंमत नसते. तिच्यात फ्रेटचा खर्च मिळवल्यावर जे येतं ती खरी किंमत, आणि ती नव्याच्या ७५ टक्क्यांवर जात असेल तर सरळ दुकानातून वॉरंटीसकट नवी घ्यावी.

फ्रेटवर एवढा भर का, तर बाकी जवळपास सगळं स्क्रू काढून बदलता येतं. बघायला जाणारे मात्र रंगाचे टवके मोजत बसतात. टवक्यांनी भाव पाडून घ्यावा आणि विसरून जावं. बघायचं ते पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक ई आणि बी तारांच्या खाली. ओपन कॉर्ड वाजवून वाजवून तिथे खाचा पडतात. तार बाजूला सरकवून टॉर्च तिरपा धरला की खाच दिसते आणि नखालाही लागते. नव्या मध्यम फ्रेटची उंची साधारण १.१ ते १.२ मिमी असते. डिजिटल व्हर्नियरची मागची दांडी फ्रेटच्या माथ्यावरून लाकडापर्यंत सोडून ती मोजता येते. या गिटारीत वरच्या फ्रेटवर १.० मिमी होते आणि दुसऱ्या फ्रेटच्या खाचेत ०.९. लेव्हलिंग म्हणजे सगळे फ्रेट सर्वांत खोल खाचेच्या पातळीला आणणं, त्यामुळे आता सगळीकडे ०.८८ च्या आसपास आहेत. ०.७ च्या खाली गेले की बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) बोट लाकडावर घासतं आणि तार हातातून निसटते. थोडक्यात, हिच्यात अजून एखादं हलकं लेव्हलिंग शिल्लक आहे, मग रीफ्रेट, म्हणजे सगळे फ्रेट नवे. मध्यम किमतीच्या गिटारला पूर्ण रीफ्रेट करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून खाच दोन दशांश मिमीपेक्षा खोल दिसली की तिथेच हात आखडता घ्यावा.

अँपला (ॲम्प्लिफायरला) जोडण्याआधी गिटार कोरडीच वाजवून पाहावी. सहाही तारा, पहिल्यापासून बाविसाव्या फ्रेटपर्यंत, एकेक सूर. वेळखाऊ आहे, पण दहा मिनिटांत बरंच कळतं. एकाच फ्रेटवर खरखर आली तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. पहिल्या पाच-सहा फ्रेटमध्ये सगळीकडे खरखर असेल तर नेक जास्त सरळ किंवा मागे वाकलेली आहे, आणि हे बहुतेक वेळा एका किल्लीने सुटतं. बाराव्याच्या पुढे खरखर असेल तर एक तर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) फार खाली आहे, नाहीतर नेक बॉडीला मिळते तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा आला आहे. दुसऱ्या शक्यतेला किल्लीचा उपाय नाही. शेवटी बारीक ई तार १२ ते १७ फ्रेटवर पूर्ण एक स्वर वर ओढावी. मध्येच सूर गुदमरला तर लेव्हलिंगचा खर्च धरूनच बोलणी सुरू करायची.

नेकचा बाक मोजायला दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं फिलर गेज (मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्या) पुरतं, टॅपेट सेट करायला वापरतात तेच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जाडी ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजायचं. ०.२५ मिमी उत्तम. पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान साधारण तेवढंच, किंचित जाड. अंतर ०.५ च्या वर असेल तर ट्रस रॉड (बाक कमी-जास्त करणारी, नेकच्या आतली सळई) पाहायचा, आणि विकणाऱ्याची परवानगी घेऊन आधी सैल करून, मग आवळून. रॉडचा नट सहज पाव फेरा फिरला आणि बाक बदलला तर रॉड जिवंत आहे. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरी बाक जात नसेल, तर गिटार कितीही स्वस्त असो, परत ठेवावी.

इथे सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) होतं. कुठे ४ मिमी, कुठे १/८ इंच म्हणजे ३.१८ मिमी, कुठे ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी लागते. १/८ च्या नटात ३ मिमीची किल्ली बसते, फिरतेही, आणि षटकोन गोल करून टाकते. सायकलच्या सेटमधली किल्ली घालून पाहणारे आधीचे मालक कमी नसतात, तेव्हा नटाच्या तोंडात टॉर्च मारून कडा शाबूत आहेत ना ते पाहावं.

नेकला पीळ आहे का हे बॉडीच्या बाजूने, एका डोळ्याने, ब्रिजकडून हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, पाहून कळतं. गिटारीचा नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि शेवटचा फ्रेट या दोन रेषा समांतर दिसायला हव्यात. पीळ असेल तर पुढचं काहीच तपासू नये.

आता पावसाळा. मेमध्ये सेट केलेला ०.२५ चा बाक जुलैअखेर ०.३८ झाला आणि १७ व्या फ्रेटवरची ॲक्शन १.६ वरून १.९ मिमीवर गेली. पाव फेऱ्याने सगळं जागेवर आलं, डिसेंबरात तोच पाव फेरा परत सोडावा लागला. हा दोष नव्हे, मेपलचा स्वभाव आहे. पण पावसात पाहिलेल्या गिटारची ॲक्शन जरा वर दिसली म्हणून ती नाकारू नये. पुणे-नागपूरकडे उन्हाळ्यात उलटं होतं. लाकूड आडवं आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेबाहेर येतात आणि तळहाताला करवतीसारखी लागतात. बारीक कानशीने ती घासता येतात. रोझवुडला वर्षातून दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब पुरतात. लॅकर केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला ते अजिबात लावू नये.

साध्या निकेलच्या तारा जुलैत तीन आठवड्यांत काळवंडल्या, कोटेड (संरक्षक थर दिलेल्या) तारा अडीच महिने टिकल्या. कोटेडची किंमत दुपटीच्या आसपास असते, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्याच परवडतात. हार्ड केसमध्ये २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवला. खोलीत ८५ टक्के असताना आत ५५ ते ६० राहत होते. सिलिकाचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येतात. कापडी गिग बॅगेत याचा फार उपयोग होत नाही, हवा सगळीकडून आत येते.

समुद्र-खाडीच्या पट्ट्यातली जुनी गिटार घेताना एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे ब्रिजच्या सॅडलचे (प्रत्येक तार टेकते त्या तुकड्याचे) उंचीचे बारीक स्क्रू. त्यांना १.५ मिमीची ॲलन की लागते. गंजून जाम झाले असतील तर ॲक्शन बदलताच येत नाही, म्हणजे सेटअपच होऊ शकत नाही. या गिटारीत बारापैकी दोन जाम होते. सॅडल काढून गंज सोडवणाऱ्या तेलात रात्रभर ठेवल्यावर सुटले. बॉडीवर असतानाच स्प्रे मारू नये, तेल स्क्रूच्या भोकांतून लाकडात उतरतं. इंटोनेशनही, म्हणजे फ्रेटबोर्डभर सूर खरा लागतो का, जागेवरच पाहावं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर सारखा हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. मात्र हे निदान जुन्या मळकट तारांवर करू नये. गंजलेली तार कुठल्याच सॅडलवर नीट बोलत नाही. नव्या तारांचा पुडा सोबत नेऊन विकणाऱ्याकडेच चढवता आला तर सोन्याहून पिवळं.

व्हायब्रेटोचा, म्हणजे बार नावाच्या दांडीने सूर हलवता येणारा, ब्रिज सहा स्क्रूंवर आणि मागे तीन स्प्रिंगांवर होता. ०९ ते ४२ च्या तारांचा (बारीक ते जाड तारेची जाडी, हजारांश इंचात) एकूण ताण साधारण ३९ किलो, १० ते ४६ चा ४७ किलोच्या आसपास. तारा जाड केल्या की ब्रिज पुढे झुकतो आणि ॲक्शन वर जाते. नवखे लोक याला ‘नेक गेली’ म्हणतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन स्क्रू आवळले की ब्रिज जागेवर येतो. बार वापरायचा नसेल तर पाच स्प्रिंगा लावून ब्रिज बॉडीला चिकटवून टाकावा. ट्यूनिंगमधला फरक पहिल्याच दिवशी कळतो. फ्लॉइड रोझ (तारा जखडून ठेवणारा व्हायब्रेटो ब्रिज) असलेली जुनी गिटार मात्र पहिली म्हणून घेऊ नये. त्याच्या धारदार कडा झिजल्या की बार सोडल्यावर सूर परत येत नाही, आणि ही झीज वरून दिसत नाही.

इलेक्ट्रिकलचा भाग लोकांना घाबरवतो, पण खिशाला तोच सर्वांत हलका. केबल गिटारीत, मल्टिमीटर दुसऱ्या टोकाला, व्हॉल्यूम पूर्ण. इथे नेकचा पिकअप ५.९ किलोओहम, मधला ५.८, हमबकर ७.८. दोन पिकअप एकत्र असताना ते समांतर जोडलेले असतात, म्हणून स्विचच्या चौथ्या पोझिशनला (नेक आणि मधला) २.९ आणि दुसऱ्याला (मधला आणि हमबकर) ३.३ आलं. आकडा असाच हिशोबात बसला तर वायरिंग मूळचं आणि धड आहे. पॉटमुळे वाचन एक-दोन टक्के कमी येतं, तेवढं सोडून द्यावं. मीटरने काहीच दाखवलं नाही तर पिकअपची तार तुटलेली आहे किंवा स्विच गेला आहे. सिंगल कॉइलची ५० हर्ट्झची घरघर हा दोष नाही, ती हमबकरवर थांबली पाहिजे.

नॉब फिरवताना येणारी चरचर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पॉटच्या पायांजवळच्या फटीत एक फवारा आणि वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवणं. स्वयंपाकघराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे नको, तो तेल मागे ठेवतो आणि धूळ पकडतो. या गिटारीचा व्हॉल्यूम दोन फवाऱ्यांनंतरही चरचरत राहिला, म्हणून ५०० किलोओहमचा नवा बसवला. पिकगार्डचे ११ स्क्रू काढायचे, तीन टाके सोल्डर करायचे. पॉटच्या पाठीवर अर्थिंगचा टाका घालायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं, ६० वॅटचं घ्यावं. पॉट पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधता येतो, पण दांडा दातेरी की गुळगुळीत आणि त्याची जाडी किती हे पाहून घ्यावं, नाहीतर जुना नॉब बसत नाही. जॅकचं नट सैल होतं आणि लोक तेवढंच बाहेरून फिरवत राहतात. आत अख्खा जॅक फिरतो, वायर पिळली जाते आणि एक दिवस तुटते. प्लेट काढून जॅक धरूनच नट आवळावं.

अर्थिंगबाबत मात्र हयगय नको. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं बरोबर. कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर ब्रिजची अर्थची वायर सुटली आहे किंवा जॅकवर टाके उलटे आहेत. जुन्या चाळींत, इमारतींत सॉकेटला अर्थ नसतो आणि अँप दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालवला जातो. अँप चालू असताना तारेला लावलेला टेस्टर पेटला तर गिटार तपासणं तिथेच थांबवावं, आधी दुसरा सॉकेट.

नावाजलेली गिटार म्हणून कोणी जास्त मागत असेल तर सीरियल नंबर वाचावा. मेक्सिकोतल्या अलीकडच्या फेंडरवर एमएक्स आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर गिटारींवर आयसीएस म्हणजे इंडोनेशियातला कोर-टेकचा कारखाना. लाकूडही साक्ष देतं. जानेवारी २०१७ पासून रोझवुडच्या व्यापारावर साइट्सचे (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध आले, तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. त्या काळात फेंडरने मेक्सिकोत पॉ फेरो आणि स्क्वायरवर इंडियन लॉरेल ही लाकडं वापरायला घेतली. २०१८ ची मेक्सिकन फेंडर ‘प्लेयर’ मालिकेतली आहे म्हणून रोझवुड दाखवणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत. गिब्सन पद्धतीच्या मागे झुकलेल्या हेडस्टॉकला नटच्या मागे, दोन्ही बाजूंनी टॉर्च मारावा. पडल्यावर ती पहिली तिथेच तडकते. चिकटवलेली चालते, पण निम्म्या भावात.

आज या गिटारीत दोन गोष्टी बाकी आहेत. ‘जी’ (G) तार बेंड केल्यावर नटमध्ये टक् करून अडकते आणि सूर उतरलेला राहतो. दोन-बी पेन्सिलीची पूड खाचेत भरली की महिनाभर बरं चालतं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर पाहिलं तर ‘जी’ तारेखाली कागदाइतकीही फट उरलेली नाही, म्हणजे खाच खोल झाली आहे. नट नवाच लागणार, ४२ मिमी रुंदीचा, हाडाचा. ते काम पुढच्या तारा बदलताना.