कामठीचं मशीन आणि अ‍ॅन्सिबलचं पॅकेज फॅक्ट्स

नागपुरात बर्डीवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबची १४ लिनक्स मशीन मी सांभाळतो. लिनक्सचे तीन प्रकार आहेत: ९ मशीनवर डेबियन १२, ३ वर उबुंटू २२.०४, २ वर रॉकी ९. निम्मी मुख्य लॅबमध्ये, बाकी मानेवाडा, हिंगणा आणि कामठीच्या कलेक्शन सेंटरवर. कुठे कोणतं सॉफ्टवेअर बसवलंय ते आधी वहीत लिहायचो. भर मे महिन्याच्या उन्हात गाडी काढून कामठी गाठायची, यादी पेनड्राइव्हवर घ्यायची. तोवर हिंगण्याला कोणीतरी नवीन काहीतरी टाकलेलं असायचंच.

अ‍ॅन्सिबल म्हणजे एका जागेवरून अनेक मशीन सांभाळायचं साधन. त्यातल्या पॅकेज फॅक्ट्स या मॉड्यूलने (छोट्या भागाने) ही पायपीट थांबवली. फुकट आहे, एसएसएचवर (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) चालतं, मशीनवर एजंट म्हणजे वेगळा प्रोग्राम बसवावा लागत नाही. डेबियनवर एपीटीला, रॉकीवर आरपीएमला (सॉफ्टवेअर बसवणारी त्यांची साधनं) विचारून प्रत्येक पॅकेजचं नाव आणि पूर्ण आवृत्ती एकाच साच्यात देतं. मी दर मशीनची वेगळी फाईल करून गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवतो. रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) चालतो, सकाळी चहासोबत डिफ, म्हणजे कालच्या आणि आजच्या यादीतला फरक. जे काढलं ते लाल, जे आलं ते हिरवं.

खरी परीक्षा जुलै २०२४ मध्ये झाली. एसएसएच ज्यावर चालतं त्या ओपनएसएसएच सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची मोठी चूक बाहेर आली, दुरुस्ती ९.८ मध्ये. पण डेबियन १२ ने आवृत्ती ९.२ च ठेवून त्यातच दुरुस्ती दिली, म्हणून बघायचं ते आवृत्तीचं शेवटचं शेपूट: डेब१२यू३. आठ डेबियन मशीनवर यू३ होतं, कामठीवर यू२, म्हणजे दुरुस्तीआधीचं. लगेच फोन लावला.

"ताई, मशीन चालू आहे ना?"

"हो भाऊ, रात्रभर लाइट नव्हती, आत्ताच लावलं."

म्हणजे मी पाहत होतो ती फाईल आदल्या दिवशीची! मशीन सापडलं नाही तर अ‍ॅन्सिबल तसं सांगतं, पण माझी जुनी फाईल जागच्या जागी राहते आणि डिफमध्ये काहीच दिसत नाही. वाटतं, सगळं ठीक आहे. तेव्हापासून क्रॉन आधी सगळ्या फाईली पुसतो, मग नव्याने लिहितो. बंद मशीनची अख्खी फाईल लाल दिसते, नजरेतून सुटत नाही. तुम्ही हे लावणार असाल तर पहिल्या दिवसापासून असंच करा.

डेबियन-उबुंटूवर पायथन३-एपीटी हे पॅकेज हवं, नाहीतर मॉड्यूल अडतं. स्नॅप आणि पिप या सॉफ्टवेअर बसवायच्या वेगळ्या साधनांनी टाकलेलं या यादीत येत नाही. त्यासाठी प्लेबुकमध्ये (अ‍ॅन्सिबलला कामं सांगणारी फाईल) वेगळ्या कमांड घातल्या आहेत.