तळघरातला डीह्युमिडिफायर : अख्खा पावसाळा वापरल्यावर

डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतला ओलावा ओढून त्याचं पाणी करणारं यंत्र. पाणी बाहेर सोडायच्या नळीचं तोंड या यंत्राच्या मागे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आहे. दुकानात कोणी तिकडे बघत नाही. वरच्या मजल्यावर नळी मोरीत सोडली की काम झालं, पण तळघरात त्याहून खाली जागा असते कुठे? पाणी आपोआप वर चढत नाही. मग उरते दोन लिटरची टाकी. जुलैत ती रात्रीतून भरायची, यंत्र बंद पडायचं आणि सकाळी खोली पुन्हा ओलीच. शेवटी एसीवाल्याकडून ड्रेन पंप आणून बसवला. खर्च झाला, पण आता पाणी थेट अंगणातल्या चेंबरमध्ये जातं. तळघरासाठी विकताना हा पंप यंत्राच्या आतच द्यायला हवा, हे मी ठासून सांगेन.

आमचं घर पुण्यात, उतारावर. तळघराच्या दोन भिंती मातीला टेकलेल्या आणि वर दोन झरोके. मुलाचा तबल्याचा रियाज तिथेच चालतो. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल होऊन सुरातून उतरते; ती पुन्हा सुरात आणायला दर अर्ध्या तासाला हातोडी घ्यावी लागायची. यंत्रापायी आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली आणि तबला टिकून वाजू लागला. त्या एका गोष्टीसाठी मला हे यंत्र मनापासून आवडतं.

सुरुवातीला मात्र वाटलं, दिवसाला बारा लिटर पाणी काढतं म्हणतात आणि निम्मंही निघत नाही. तो आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो; आमचं तळघर त्याहून थंड, त्यामुळे पाणी कमी निघणारच. पण ओलीचं खरं कारण भिंतीत होतं. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. दोन दिवसांनी आतली बाजू ओली, बाहेरची कोरडी. म्हणजे ओल हवेतली नव्हती, मातीतून येत होती. गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच भिंतीशी सुटत होता. प्लंबरकडून तो पावसाळी गटारापर्यंत पुढे नेला. त्यानंतर यंत्र पूर्वीच्या निम्मे तास चालवूनही भागायला लागलं. दहा तासांना साधारण दोन युनिट जातात, त्यामुळे हा फरक बिलात दिसतो. म्हणून आधी पाइप बघा, मग यंत्र घ्या.

झरोके पावसाळ्यात बंदच ठेवा. बाहेरची दमट हवा गार भिंतीला लागून तिथेच पाणी सोडते. हवा खेळती ठेवायचा सल्ला हिवाळ्यात बरोबर.

उजेडासाठी जास्त काही केलं नाही. ओलीने फुगलेला ऑइल पेंट खरवडून काढला आणि भिंतींना चुना दिला. चुना भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही, शिवाय स्वस्त. पांढऱ्या भिंतींमुळे ४००० केल्विनच्या (ना पिवळट, ना निळसर उजेडाच्या) दोन एलईडी ट्यूबमध्येच खोली उजळली.

आता तक्रार. ऑगस्टअखेर टाकी रिकामी असतानाही ‘टाकी भरली’चा लाल दिवा लागला. टाकीत चुंबक असलेला फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता तुकडा असतो, त्याची प्लास्टिकची खुंटी तुटली होती. नळी जोडलेली असली तरी फ्लोट जागेवर नसेल तर यंत्र सुरूच होत नाही. सर्व्हिसवाला म्हणाला, वॉरंटी कॉम्प्रेसरची आहे, प्लास्टिकची नाही; सुटी खुंटी मिळत नाही, अख्खी टाकी विकत घ्या. बोटाएवढ्या तुकड्यासाठी अख्ख्या टाकीचे पैसे मी देणार नाही. लेखी तक्रार केली आहे, अजून उत्तर नाही. तोवर खुंटीला एपॉक्सी लावून यंत्र चालवतोय.

घेणार असाल तर वॉरंटीचं पान दुकानातच वाचा, टाकी आणि फ्लोट त्यात आहेत का ते विचारा आणि नळीच्या तोंडाची उंची टेपने मोजा.