काळ्याकडून आठ महिने कारो-कान

बुद्धिबळात काळ्याकडून खेळताना पांढऱ्याच्या ई४ला मी नायडॉर्फने उत्तर द्यायचो. ती सोडून आठ महिने झाले. सिसिलियन बचावातली ती ओळ (ठरलेल्या चालींचा क्रम) मी दोन वर्षं घोकली होती, वीस-वीस चाली तोंडपाठ. पण आमच्या क्लबात समोरचा तिथवर येतोच कुठे? कोणी दुसऱ्याच चालीला सी३ खेळतं, कोणी तिसऱ्या चालीला उंट थेट बी५वर आणतं. पाठांतर बासनात आणि घड्याळ पळतंय.

म्हणून ई४ला सी६, म्हणजे कारो-कान बचाव, सुरू केलं. कल्पना साधी आहे: डी५ला आधार द्यायचा, पण फ्रेंच बचावासारखा सी८चा उंट ई६च्या प्याद्यामागे कोंडायचा नाही. आधी उंट बाहेर, मग ई६.

हा क्रम पाळतानाच पहिला दणका बसला. पांढऱ्याने तिसऱ्या चालीला ई५ ढकललं, माझा उंट एफ५वर, त्याचं एच४. मी सवयीने ई६. मग जी४, उंट ई४वर. एफ३, उंट जी६वर. एच५, आणि सातव्या चालीला उंट गेला! नंतर कळलं, १९६१च्या जगज्जेतेपदाच्या परतीच्या लढतीत ताल बोट्विनिकविरुद्ध हीच एच४ खेळला होता. बोट्विनिक अर्थातच असा फसला नाही, त्याने जगज्जेतेपद परत मिळवलं. मी आता एच४ला मुकाट्याने एच५ खेळतो.

क्लबात सगळ्यात जास्त सामना या ई५वाल्या प्रकाराशीच होतो. इथे योजना ठरलेली असते: सी५ने डी४वर दाब, घोडा ई७वरून एफ५कडे. समोरच्याने अनोळखी चाल केली तरी हात थांबत नाही. तिसऱ्या चालीलाच डी५वर प्याद्यांची मारामारी करून घेणारे बरेच. तो डाव कंटाळवाणा म्हणतात, मला मात्र बी प्यादं पुढे नेऊन पांढऱ्याचं सी३ प्यादं पोखरायला आवडतं. तिसऱ्या चालीला एफ३ खेळणारा विरळाच.

इंजिन (चालींचं मूल्यमापन करणारा संगणक प्रोग्रॅम) पांढऱ्याला थोडं वरचढ दाखवतं. दाखवू दे. मी डावानंतर वहीत दोनच गोष्टी लिहितो: पंधराव्या चालीला घड्याळात किती मिनिटं उरली होती आणि तेव्हा पुढे काय करायचं ते ठाऊक होतं का. नायडॉर्फमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असायचं. शिवाय लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये आपल्या रेटिंगचा गट निवडून बघा. ग्रँडमास्टर काय खेळतात आणि आपल्यासमोर काय येतं, यात फार फरक दिसतो.

तोटेही आहेत. वजीर लवकर कटतात, त्यामुळे हत्तींची अंत्यखेळी येत नसेल तर बरोबरीच बरोबरी. शेवटच्या फेरीत जिंकायलाच हवं असताना तर हात बांधल्यासारखं होतं. पांढऱ्याने पहिल्याच चालीला डी४ खेळलं तर वेगळं काही लागतंच. मी स्लाव्ह बचावाची ओळ घेतली, कारण सी६-डी५ची बैठक तीच.

पानोव्ह, म्हणजे मारामारीनंतर सी४, अजून झेपत नाही. पांढऱ्याचं एकटं डी४ प्यादं अडवायचं हे कळतं, पण तोवर त्याचे घोडे-उंट माझ्या राजाच्या दारात पोचलेले असतात. क्लबातल्या एका काकांना हे कळलंय. ते आता माझ्याशी दुसरं काही खेळतच नाहीत.