खांद्याचा स्लिंग आणि टेन्स मशीन, नसांच्या ऑपरेशननंतर वापरून बघितलं ते

बाईक अॅक्सिडेंटमधी डाव्या हाताच्या नसा मानेपाशीच तुटल्या, त्या नसांच्या जुडग्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं, बरगडीच्या नसा वळवून दंडाच्या नसेला जोडल्या. तेव्हापासून ह्या दोन्ही वस्तू वापरायलोय, लातूरकडचे एक-दोघं विचारायलेत म्हणून लिहितो.

टेन्स म्हणजे कातडीला पॅड चिकटवून बारीक करंट देणारं मशीन, ते दुखणं कमी करायला हाय, हात हलवायला नाही, हे विकणारे सांगत नाहीत. नस तुटलेला स्नायू त्याच्या करंटला दाद देत नाही, त्याला वेगळं स्टिम्युलेटर लागतं आणि ते फिजिओकडंच बरं. पण रात्री गोळी घेऊनही हाताची जी आग व्हायची, वीज पडल्यासारखी कळ यायची, तिला थोडा उतार पडायचा. पॅड बधिर कातडीवर लावू नका, चटका बसला तरी कळत नाही. अन् आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं ते चिकटतच नाहीत.

स्लिंग मात्र पैसा वसूल, हाताच्या वजनानं खांदा खाली ओढला जातो ते थांबतं. गरम लई होतं पण.

खरं अवघड होतं ते डोक्याचं. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिनोन् महिने वरून काहीच दिसत नाही, टाके भरलेले असतात त्यामुळं पाहुणे म्हणतात आता तर बरा झालास की, सोयाबीन काढायला सगळं घर रानात आणि मी ओट्यावर बसून, तिशीत आईकडून शर्टाच्या गुंड्या लावून घ्यायच्या, चिडचिड व्हायची, झोप नाही, जेवण नाही. फिजिओ मॅडमनीच ओळखलं आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं धाडलं. जाणं जमत नसेल तर टेलि-मानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन हाय, तिचा 14416 नंबर फुकट हाय, मराठीत बोलता येतं.

मग एकदा जोरात खोकलो तर दंडात काहीतरी फडफडलं! बरगडीची नस ना ती, श्वासावर चालते. आई म्हणली, "खोक बरं पुन्हा." आता मोठा श्वास घेतला की कोपर जरा वाकतं, सरावानं श्वासाशिवाय पण जमतं म्हणतात. बोटं अजून नाहीत.

टेन्सला 5 पैकी 3, स्लिंगला 4. मागवताना डावा-उजवा नीट बघा, मला आधी उजव्या हाताचा आला होता, बदलून घ्यायला लई फोन करावे लागले.